वार खाली आहे म्हणाले की बॅग भरायच्या आधी काय बघायचं

माझ्या जावेची आधी दोन सीझर झालेली, तिसऱ्या खेपेला खानापुरात सोनोग्राफीवाल्या मॅडम म्हणाल्या वार (प्लासेंटा) खाली, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाशी आहे आणि जुन्या टाक्यांवरच बसलीय वाटतं, तर आमच्या घरात लगेच दुपटी मोजायला सुरुवात. दुपटी राहू द्यात. आधी जुन्या सीझरची डिस्चार्ज कार्डं शोधा, आमचं एक तांदळाच्या डब्याखाली निघालं. वार खाली आणि आधी एक सीझर असेल तर शंभरात ११ जणींची वार गर्भपिशवीत रुतलेली असते, दोन सीझर असतील तर ४०, हे २००६ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासाचे आकडे, म्हणून ती कार्डं महत्त्वाची. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बऱ्याचदा वर सरकते, पण ३२ आठवड्यांच्या आसपास डॉपलरसकट (रक्ताचा प्रवाह दिसतो ती) सोनोग्राफी परत कराच, तीही असल्या केसेस नेहमी बघणाऱ्याकडे. एमआरआय सगळ्यांना लागतोच असं नाही.

मग हॉस्पिटल. ओळखीचे डॉक्टर, घराजवळ, बिल कमी, हे सगळं इथं बाजूला ठेवायचं, सरळ विचारायचं की रात्री दोन वाजता रक्तपेढी चालू असते का, भूलतज्ज्ञ आहेत का, मूत्राशयाला धक्का लागला तर सर्जन कोण येणार, बाळासाठी एनआयसीयू, म्हणजे तान्ह्या बाळांचं आयसीयू, आहे का. आमच्या भागात म्हणजे बेळगावच, निपाणी चिकोडीवाल्यांना कोल्हापूर पण चालतं. तिकडं जाणार असाल तर कर्नाटकाचं आरोग्य योजनेचं कार्ड चालतंय का ते आधीच फोन करून विचारा, कॅशच्या खिडकीपुढं उभं राहून नको. आणि छोट्या दवाखान्यात पोट उघडल्यावर वार रुतलेली दिसली, रक्त जात नसलं, बाळ बरं असलं, तर हात न लावता पोट झाकून मोठ्या ठिकाणी पाठवतात. त्याला डॉक्टर घाबरला म्हणू नका हो. ओढून काढायला गेलं की नळ सोडल्यासारखं रक्त जातं.

गोळी ठेवली की रक्त थांबतं ना, असं आमच्या आत्यानी विचारलं. त्या गोळीचा, मिसोप्रोस्टॉलचा, अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यात झालेला, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २००६ ला आला, बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. पण ती सैल पडलेल्या पिशवीसाठी, रुतलेल्या वारेवर भागत नाही.

गर्भपिशवी काढायची की ठेवायची हे बोलणं आधीच करा, आणि तिच्याशी करा, फक्त सासऱ्यांशी नको. अमेरिकेत सहसा ३४ ते ३६ आठवड्यांच्या मधेच सीझर करून वारेसकट पिशवी काढतात, इंग्लंडमध्ये ३५ ते ३७ च्या मधे. फ्रान्समध्ये बऱ्याच जणींची वार आतच ठेवून महिनोन्महिने तपासत राहतात, अर्जेंटिनातल्या सर्जननी रुतलेला तेवढाच तुकडा कापून पिशवी शिवायची पद्धत बसवली. ऐकायला फ्रान्सचं छान वाटतं, पण वार आत ठेवली की आठवड्यांनी सुद्धा अचानक रक्त किंवा ताप सुरू होऊ शकतो, आणि पावसाळ्यात कणकुंबी जांबोटीकडून मध्यरात्री गाडी कशी काढणार? माझं मत, घर लांब असेल आणि मुलं झालेली असतील तर पिशवी काढण्यात शहाणपण. पहिलटकरणीचं किंवा अजून मूल हवं असणारीचं वेगळं, ते डॉक्टरांशी बसून ठरवा.

रक्ताचं मात्र आज रात्रीच सुरू करा. हिमोग्लोबिन कमी असेल तर आयर्न सलाईनमधून देतात का विचारा, कारण गोळ्यांना वेळ लागतो. दाते गणपती मंडळातून गोळा केले आम्ही, वहीत नाव, गट, मोबाईल, शेवटचं रक्त कधी दिलं ते, पुरुषांना तीन महिन्यांचं अंतर लागतं. अकरा पोरं आली, दोघं उपाशीपोटी, एक चक्कर येऊन बाकावरच आडवा. पोहे खाऊन या म्हणून सांगा. तिचा निगेटिव्ह गट असेल तर महिनाभर आधीच रक्तपेढीत बोलून ठेवा.

तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी मिळतं ते), आधार, सगळे रिपोर्ट एका पिशवीत, आणि बरोबर एक कन्नड वाचता येणारं माणूस, कारण सहीच्या कागदावर काय लिहिलंय ते सहीच्या आधी कळलं पाहिजे. सीझरच्या ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी शहरात राहायला जा, आम्ही शहापुरात मावसबहिणीकडे गेलो. थोडंसं जरी रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, १०८ ला फोन करायचा आणि निघायचं, भाऊजी कामावरून येईपर्यंत थांबायचं नाही.