दोन बोर्ड बोलत नाहीत? आधी एकट्यालाच बोलतं करा

सीताबर्डीच्या बाजारातून जंपर वायरी आणल्या, उनो आणि ईएसपी३२ हे दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड जोडले, आणि सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाचा मजकूर संगणकावर दाखवणारी खिडकी) नुसती उलटी प्रश्नचिन्हं आणि चौकोन. मी दोन तास कोडच चाळत बसलो. भाऊ, कोड ठीकच होता.

आता मी आधी एकच बोर्ड घेतो. ईएसपी३२ च्या १६ आणि १७ या पिना एका वायरीने एकमेकींना जोडायच्या, कोडमध्ये सिरीयल२ (बोर्डाचं दुसऱ्या बोर्डाशी बोलायचं एक पोर्ट) याच दोन पिना सांगून सुरू करायचं आणि एक अक्षर पाठवायचं. तेच परत आलं तर हा बोर्ड आणि त्याचा कोड दोन्ही निर्दोष. मग दुसऱ्याची पाळी.

दोन्ही पास झाले की जोडणी: याचा टीएक्स (पाठवणारी पिन) त्याच्या आरएक्सला (ऐकणारी पिन), त्याचा याच्या, आणि ग्राउंड ग्राउंडला. ही ग्राउंडची वायरच जोडायची राहून जाते, आणि तिच्याविना कचरा अक्षरं येतात. बॉड रेट (अक्षरं पाठवायचा वेग) दोन्हीकडे एकच, सुरुवातीला ९६०० पुरे.

एक जपा. उनोचा टीएक्स ५ व्होल्ट देतो, ईएसपी३२ ला ३.३ च हवेत. म्हणून दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा: १ किलोओहम टीएक्सकडून, २ किलोओहम ग्राउंडकडे. मधल्या जोडावरून सुमारे ३.३ मिळतात, ते ईएसपी३२ च्या आरएक्सला द्या. उलट दिशेला काही लागत नाही. उनोवर ० आणि १ या पिना यूएसबीच्याही आहेत, म्हणून कोड चढवताना त्या वायरी काढा.

मल्टीमीटर असेल तर गप्प बसलेल्या टीएक्सवर लावून बघा: पूर्ण व्होल्टेज दिसायला हवं. शून्य दिसलं तर पीन चुकली, नाहीतर वायर आतून तुटलेली. माझी तुटलेलीच होती, नवी कोरी असून!