इंग्लंडमधे घर वाढवताय? आधी झाड बघा

इथे घर घेतलं की दोनेक वर्षांत मागे एक्स्टेन्शनचा विषय निघतोच, आणि बिल्डर येऊन सांगतो की परमिटेड डेव्हलपमेंटमधे (म्हणजे अर्ज न करता चालणाऱ्या बांधकामात) बसतंय, परमिशन लागणार नाही. बरोबर आहे, पण ते बांधकामाबद्दल. झाडाचा हिशोब वेगळा असतो आणि बरेच जण तिथेच अडकतात.

आधी काउन्सिलच्या वेबसाइटवरचा मॅप उघडून दोन गोष्टी बघा, झाडावर टीपीओ म्हणजे ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर (झाड जपायचा काउन्सिलचा आदेश) आहे का, आणि घर कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायला राखलेल्या भागात, येतं का. मॅपवरून कळत नसेल तर काउन्सिलच्या ट्री ऑफिसरला मेल टाका, फोनवर विचारलं तरी उत्तर लेखीच घ्या. शेजाऱ्यांची झाडंही बघा, मुळं काही कुंपण बघून वळत नाहीत.

टीपीओ असला तर तोडणं सोडाच, छाटणीला आणि मुळं कापायलाही लेखी परवानगी लागते, मग तुमच्याकडे लोंबणारी शेजाऱ्याची फांदी का असेना. अर्ज प्लॅनिंग पोर्टलवर करता येतो, फी नाही, निर्णयाला 8 आठवडे धरून चाला. न विचारता झाड पाडलं तर प्रकरण कोर्टात जातं आणि दंडाला वरची मर्यादा नाहीये. फुल प्लॅनिंग परमिशन मिळाली असेल आणि त्या बांधकामासाठी झाड काढावंच लागत असेल तर वेगळा अर्ज नको, पण परमिटेड डेव्हलपमेंटला ही सूट नाही!!

कॉन्झर्वेशन एरियात टीपीओ नसलेल्या झाडासाठी 6 आठवडे आधी नोटीस द्यायची, जर बुंधा जमिनीपासून दीड मीटरवर 75 मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर. टेप गुंडाळला की घेर साधारण 24 सेंटीमीटर भरतो, म्हणजे दिसायला किरकोळ झाडसुद्धा यात येतं. काउन्सिलला पटलं नाही तर ते त्यावर टीपीओ लावतात.

आता खोदकाम. बीएस 5837 नावाचं ब्रिटिश स्टँडर्ड आहे, त्यात बुंध्याच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखायचं असतं. घेर 126 सेंटीमीटर आला तर भागिले 3.14, म्हणजे व्यास 40 सेंटीमीटर, आणि 12 पट केलं की 4.8 मीटर. तेवढ्यात पाया येत असेल तर ड्रॉइंग करायच्या आधी ट्री सर्व्हे करून घ्या, नंतर डिझाइन बदलणं जास्त महाग पडतं. आणि या वर्तुळाभोवती झाड वाचवायची तात्पुरती फेन्स डिगर यायच्या आधी लागली पाहिजे. आमच्याकडे बिल्डरने फेन्सच्या आधीच विटांची पॅलेट झाडाखाली उतरवली, का तर तेवढीच जागा मोकळी होती. बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटीमीटर मातीतच असतात, वजनाने ती माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दोन-तीन वर्षांनी वरून वाळायला लागतं, तोवर बिल्डर कुठे असतो?

हेजचा, म्हणजे झुडपांच्या कुंपणाचा, गोंधळ वेगळाच. 1997 चे हेजरो रेग्युलेशन्स शेताकडेच्या हेजसाठी आहेत, घराच्या बागेतल्या हेजला लागू नाहीत. पण घर बांधताना हेज ठेवायची अट घातलेली असू शकते, जुनी परमिशन काढून वाचा. आणि मार्च ते ऑगस्टमधे छाटायच्या आधी आत हात घालून फांद्या बाजूला करून बघा, पक्ष्याचं चालू घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत कात्री बाजूला ठेवा, घरटं मोडणं गुन्हा आहे.