वादीच्या मृत्यूनंतर मिळकतीचा दावा वारसांनी पुढे कसा चालवावा

मिळकतीचा दावा वर्षानुवर्षे चालतो आणि निकाल लागण्यापूर्वीच वादीचे निधन होते, ही पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात नवलाची गोष्ट नाही. मालकी, ताबा किंवा वाटप मागण्याचा हक्क वादीबरोबर संपत नसून तो वारसांकडे येतो. मात्र दावा आपोआप त्यांच्या नावे होत नाही. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २२, नियम ३ खाली वारसांना रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज मृत्यूपासून ९० दिवसांत द्यावा लागतो.

घोळ बहुधा इथेच होतो. घरातील सगळ्यांचे लक्ष सात-बारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर वारसनोंद लावण्याकडे असते आणि फेरफार मंजूर झाला की कोर्टाचे बघू, असे म्हणता म्हणता तीन महिने निघून जातात. तलाठ्याकडची नोंद आणि न्यायालयाच्या रेकॉर्डवर येणे या दोन स्वतंत्र बाबी असून एकीसाठी दुसरी थांबवण्याचे कारण नाही. वादी ३ जूनला वारला असेल, तर मुदत १ सप्टेंबरला संपते. तेराव्यापासून किंवा मृत्यूचा दाखला हाती आल्यापासून दिवस मोजू नयेत.

दाखला मिळताच वकिलांना गाठावे. मयताने दिलेल्या वकीलपत्रावर वारसांचे काम चालत नाही, म्हणून प्रत्येक वारसाने नवे वकीलपत्र द्यावे; मयताने कोणाला मुखत्यारपत्र दिले असेल, तर तेही सामान्यतः त्याच्या मृत्यूबरोबर संपलेले असते. अर्जात मृत्यूची तारीख आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मयताशी नाते लिहून सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसल्यास विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास मयताची आई हे सगळेच पहिल्या वर्गाचे वारस असतात. लग्न झालेल्या बहिणींची नावे गाळण्याची सवय अजून गेलेली नाही आणि तीच पुढे प्रतिवादीच्या वकिलाच्या हाती कोलीत देते. एखादा वारस वादी व्हायला तयार नसेल, तर त्याला प्रतिवादी म्हणून सामील करता येते. वारस कोण याबद्दलच वाद निघाला, तर नियम ५ प्रमाणे न्यायालय तो प्रश्न ठरवते. मात्र तो निर्णय त्या दाव्यापुरता असतो, त्याने मिळकतीचा हक्क सिद्ध होत नाही.

मुदत चुकल्यास एकमेव वादीचा दावा अबेट होतो, म्हणजे न्यायालयाने वेगळा हुकूम केला नाही तरी तो संपतो, आणि नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावाही लावता येत नाही. अबेट झाल्यापासून ६० दिवसांत ते अबेट होणे बाजूला सारण्याचा अर्ज देता येतो. तेही दिवस उलटले असतील, तर सोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज द्यावा आणि त्यात उशिराचे कारण तारीखवार सांगावे. ‘दाव्याची माहिती नव्हती’ एवढे एक वाक्य पुरेसे मानू नये. वडिलांच्या कपाटात फाईल केव्हा सापडली, वकिलांना कधी भेटलो, हे लिहावे. युक्तिवाद पूर्ण होऊन केवळ निकाल बाकी असताना वादी वारला असेल, तर मात्र नियम ६ मुळे दावा अबेट होत नाही.

अर्ज मंजूर झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. मूळ दाव्याच्या शीर्षकात मयत वादीच्या नावाखाली ‘मयत तर्फे वारस’ असे लिहून १अ, १ब, १क या क्रमाने नावे घालावी लागतात. ही दुरुस्ती हुकुमात दिलेल्या मुदतीत आणि तशी मुदत दिलेली नसल्यास १४ दिवसांत करून घ्यावी.

मयताने मांडलेली बाजूच वारसांना पुढे न्यावी लागते. तिच्या विरुद्ध जाणारी स्वतःची नवी कहाणी त्यांना त्याच जागेवरून सांगता येत नाही. वादीचा सरतपास (स्वतःच्या बाजूने दिलेली साक्ष) झाला पण प्रतिवादीकडून उलटतपास राहून गेला असेल, तर त्या साक्षीवर भिस्त न ठेवता व्यवहाराची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वारसाने स्वतः साक्षीला उभे राहावे आणि मूळ खरेदीखत, कर भरल्याच्या पावत्या व जुना पत्रव्यवहार त्यापूर्वी वकिलांसोबत बसून नीट वाचून घ्यावा.