खुनी न सांगता मत कसे सांगावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील कोणत्याही मराठी वाचनालयात रहस्यकथांच्या कपाटापाशी थोडा वेळ उभे राहिले, तर पुस्तक परत करणाऱ्या वाचकाच्या तोंडून बहुधा दोनच अभिप्राय ऐकू येतात. एक म्हणजे ‘भारी आहे’ आणि दुसरा म्हणजे ‘खुनी मला आधीच कळला होता’. पुढे ते पुस्तक घरी न्यावे की नाही, हे ठरवायला या दोहोंचा काडीचाही उपयोग होत नाही. रहस्यकादंबरीवरील मत उपयोगी पडायचे असेल, तर लेखक वाचकाशी सचोटीने खेळला का, या प्रश्नाचे उत्तर त्यात असावे लागते. आणि ते उत्तर शेवटचे पान मिटल्यावर आठवून देता येत नाही, त्याची तयारी वाचता वाचताच करावी लागते. ती कशी करावी, हे येथे सांगितले आहे.

सर्वप्रथम हातातील पुस्तक रहस्याचे आहे की थराराचे, हे ठरवावे. मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नये, कारण प्रकाशक हल्ली दोन्ही शब्द एकाच दमात छापतात. रहस्यकथेत घडून गेलेल्या गोष्टीचा शोध असतो आणि वाचक तपास करणाऱ्याच्या बरोबरीने किंवा त्याच्या एक पाऊल मागे चालतो. थरारकथेत पुढे काय घडणार याची धास्ती असते आणि कित्येकदा नायकाला ठाऊक नसलेला धोका वाचकाला आधीच ठाऊक असतो. म्हणूनच ‘खुनी आधीच कळला’ ही रहस्यकथेवरची तक्रार असू शकते, थरारकथेवरची नव्हे. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ या कादंबरीत खून कोणी केला हे वाचकाला सुरुवातीलाच दिसते. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण तेथे प्रश्न ‘कोणी’ हा नसून ‘कसे लपवले’ हा आहे. अशा पुस्तकाला चुकीचा प्रश्न विचारून नापास करणे हा लेखकावर अन्याय होय.

यानंतरची पायरी थोडी कंटाळवाणी वाटेल, परंतु सर्वांत महत्त्वाची तीच आहे. पुस्तकाचा साधारण दोन-तृतीयांश भाग संपला की थांबावे, एका चिठ्ठीवर आपला संशय कोणावर आहे आणि कशावरून आहे, हे दोन-तीन ओळींत लिहावे आणि ती चिठ्ठी मलपृष्ठाच्या आत सरकवून ठेवावी. पुस्तक वाचनालयाचे असेल तर परत करताना चिठ्ठी काढून घेण्यास विसरू नये. (पानावर पेन्सिलीने लिहू तर नयेच. चाळिसाव्या पानाच्या समासात ‘हाच तो’ असे लिहून ठेवणारा वाचक प्रत्येक गावात एक तरी असतो, आणि त्याच्यापुढे कोणत्याही लेखकाचे कौशल्य चालत नाही.) चिठ्ठीचा फायदा असा की, शेवट वाचल्यावर ‘मला वाटलेच होते’ असे म्हणण्याची आपल्या मनाला असलेली खोड तिथल्या तिथे उघडी पडते. ‘कशावरून’ या शब्दापुढे आपण काय लिहिले होते, ते विशेष पाहावे. ‘फार गोड बोलतो म्हणून’ एवढेच लिहिलेले असेल, तर आपण धागेदोरे वाचले नाहीत, केवळ लेखकाची सवय ओळखली.

धागा कसा लपवला जातो, याचे एक उदाहरण घेऊ. समजा, खानापूर तालुक्यातील एका कौलारू घरात वृद्ध मालक मृतावस्थेत सापडतो आणि तिसऱ्या प्रकरणात त्याच्या पलंगाजवळील वस्तूंचे वर्णन येते: अर्धवट प्यालेला चहा, डबीत मिटून ठेवलेला चष्मा, धारवाडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, विजेचे बिल आणि रक्ताचा डाग पडलेली उशी. वाचकाची नजर उशीवर जाते, कारण ती शेवटी आहे आणि तिच्यावर रक्त आहे. पाचव्या प्रकरणात मुलगा सहज म्हणतो, ‘मी निघालो तेव्हा आप्पा पोथी वाचत बसले होते.’ चष्म्याशिवाय आप्पांना अक्षर दिसत नाही, हे पहिल्याच प्रकरणात नातवाच्या चेष्टेतून येऊन गेलेले असते. तीन ठिकाणी तीन तुकडे विखुरलेले आहेत, एकही लपवलेला नाही आणि तरीही बहुतेक वाचकांच्या हातून ते निसटतात. याला सचोटीचा खेळ म्हणावे. याउलट, मालकाचा एक परागंदा भाऊ होता आणि त्याच्याकडे दुसरी किल्ली होती, ही गोष्ट शेवटून दुसऱ्या प्रकरणात प्रथमच सांगितली जात असेल, तर त्या पुस्तकाला चकवा साधला असे म्हणता येत नाही. त्याने केवळ माहिती दडपली.

म्हणून पुस्तक संपल्यावर ते लगेच परत न करता पहिली दोन-तीन प्रकरणे पुन्हा वाचावीत. दुसऱ्या वाचनाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ सहसा लागत नाही आणि पुस्तकाची खरी परीक्षा तेथेच होते. पहिल्या वाचनात निरुपद्रवी वाटलेली वाक्ये आता दुसराच अर्थ सांगू लागली, तर लेखकाला पूर्ण गुण द्यावेत. ती वाक्ये आता सरळसरळ खोटी ठरत असतील, म्हणजे पात्राच्या तोंडी नव्हे, तर निवेदनातच असत्य आलेले असेल, तर ते मतात स्पष्टपणे नोंदवावे. हा वाद जुनाच आहे. इंग्लंडमधील रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकाने 1929 साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यावा, एकाहून अधिक गुप्त खोल्या किंवा भुयारे नसावीत आणि तपास करणाऱ्याला मिळालेला प्रत्येक धागा वाचकापुढेही ठेवावा, ही कलमे त्यांतलीच. त्याच्या तीन वर्षे आधी, 1926 मध्ये, अगाथा ख्रिस्ती यांच्या एका कादंबरीने सचोटीचा खेळ कशाला म्हणावे यावरच मोठा वाद उभा केला होता. तिचे नाव येथे घेत नाही. या परिच्छेदात घेतले, तर न वाचलेल्यांचा रस जाईल.

अलीकडच्या कादंबऱ्या वाचताना हे निकष थोडे ताणावे लागतात. 2012 साली आलेल्या गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’च्या यशानंतर ज्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही असा निवेदक इतका बोकाळला आहे की, ‘मी’ म्हणून कथा सांगणारे पात्र दिसले की सरावलेला वाचक त्याच्यावरच पहिला संशय घेतो. निवेदकाने खोटे बोलावे, त्याला हरकत नाही. परंतु तो खोटे का बोलतो आणि कोणाला उद्देशून बोलतो, याला कथेच्या आत कारण असले पाहिजे. मद्यपान किंवा स्मृतिभ्रंश हे कारण आता झिजून गुळगुळीत झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. भूतकाळ आणि वर्तमानकाळ यांची प्रकरणे आलटून पालटून येत असतील, तर केवळ एका काळाची प्रकरणे मनात सलग लावून पाहावीत. तशी लावल्यावर कथेत काहीच उरत नसेल, तर रहस्य घटनांमध्ये नव्हते, पानांच्या क्रमात होते. प्रत्येक प्रकरण दारावरच्या थापेने किंवा किंकाळीने संपत असल्यास पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात तिचे काय होते, ते पाहावे. थाप दूधवाल्याची निघण्याचा प्रकार एकदा चालतो, पुन्हा पुन्हा घडला की त्याची नोंद करावी.

आता तपासाच्या खरेपणाकडे येऊ, कारण सीमाभागातील वाचकाला या बाबतीत इतरांपेक्षा अधिक दिसते आणि त्याने ते अवश्य सांगावे. एखाद्या मराठी कादंबरीत बेळगावातील खुनाचे अपील मुंबई उच्च न्यायालयात चालवलेले असेल, तर पुण्यातील वाचक ते निमूटपणे वाचेल. येथील वाचकाला मात्र ते कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाकडे जाते आणि ते पीठ 2013 पासून कायमस्वरूपी आहे, हे ठाऊक असते. बेळगाव शहर पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येते, तर खानापूर आणि निपाणी जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या. ठाण्यातील कागदपत्रे कन्नडमध्ये लिहिली जातात. मराठी फिर्यादी, कन्नड जबाब आणि त्यावर घेतलेली सही, एवढ्यातच एका चांगल्या कादंबरीपुरते रहस्य भरलेले आहे, आणि मराठी लेखकांनी ते अद्याप पुरेसे वापरलेले नाही, असे मला वाटते. चोर्ला घाटाच्या परिसरात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या सीमा जवळ येतात. तेथे प्रेत सापडले, तर पहिला प्रश्न खुनी कोण हा नसतो, हद्द कोणाची हा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. त्यामुळे नव्या कादंबरीतील फौजदार ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून फिर्यादीला परत पाठवत असेल, तर तो लेखकाचा अडाणीपणा आहे की फौजदाराचा कामचुकारपणा, हे कथेवरून कळले पाहिजे.

कायदा 1 जुलै 2024 रोजी बदलला, हेही ध्यानात ठेवावे. त्यापूर्वी घडलेल्या खुनाला भारतीय दंड संहितेचे कलम 302 लागते, त्यानंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचे कलम 103. म्हणून कलमावर बोट ठेवण्यापूर्वी कथा कोणत्या वर्षी घडते ते पाहावे. घाईने चूक काढणारा समीक्षक लेखकापेक्षा अधिक हास्यास्पद ठरतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, हा नियम जुन्या कायद्यात होता आणि नव्यातही आहे. तेव्हा कोठडीत चार रट्टे खाऊन आरोपी बोलला आणि खटला निकाली निघाला, असा शेवट असलेल्या कादंबरीला तपास जमलेला नाही, असे खुशाल म्हणावे. वैद्यकीय तपशिलांपैकी दोनच गोष्टी पाहिल्या तरी पुरे. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस क्षणात बेशुद्ध पडत नाही, त्याला काही मिनिटे लागतात. आणि प्रेताच्या ताठरपणावरून मृत्यूची अचूक मिनिटे सांगता येत नाहीत, कारण उष्ण हवेत ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो. मोबाइलच्या मनोऱ्यावरूनही परिसर कळतो, खोली कळत नाही.

लांबीविषयी मात्र कोणाची भीड बाळगू नये. बाबूराव अर्नाळकर किंवा गुरुनाथ नाईक यांच्या छोटेखानी कादंबऱ्यांत तपास ढोबळ असे आणि योगायोग ढीगभर असत, पण गोष्ट एका बैठकीत संपत असे. आजच्या चारशे पानांच्या कादंबरीत तपास करणाऱ्याचा घटस्फोट, त्याचे दारूचे व्यसन आणि त्याच्या वडिलांशी असलेला अबोला यांना शंभरएक पाने जातात. त्या पानांतून गुन्ह्याचा उलगडा होण्यास काही मदत होत असेल तर ती सार्थकी लागली. नसेल तर किती पाने वगळून वाचली तरी चालते, हे मतात सांगून टाकावे. अनुवादित कादंबरी असल्यास अनुवादकाचे नाव अवश्य द्यावे. जपानी किंवा उत्तर युरोपीय पुस्तक वाचताना पहिल्या पन्नास पानांत पात्रांची नावे आणि नाती एका कागदावर टिपून ठेवावीत, अन्यथा गोंधळ आपल्या स्मरणशक्तीचा असतो आणि दोष अनुवादकाला लागतो.

मत लिहिताना किंवा वाचनालयाच्या बैठकीत मांडताना कथानकाचा पहिला चतुर्थांश एवढाच भाग सांगण्यास मोकळा समजावा. ‘शेवट अगदी अनपेक्षित आहे’ हे वाक्य निरुपद्रवी दिसते, पण ते ऐकल्यावर पुढचा वाचक प्रत्येक सज्जन पात्राकडे संशयाने पाहू लागतो. त्याऐवजी ‘सर्व धागे शंभराव्या पानापर्यंत येऊन गेलेले आहेत’ असे लिहावे. लहान मुलांवरील किंवा स्त्रियांवरील अत्याचाराची सविस्तर वर्णने असतील, तर ती आहेत एवढे सांगणे हा रहस्यभेद होत नाही. पुस्तक अर्ध्यावर सोडले असल्यास कोणत्या पानावर सोडले ते लिहावे आणि शेवटाबद्दल अवाक्षर काढू नये. लिहून झालेला मजकूर ज्याने ते पुस्तक वाचलेले नाही अशा घरातील किंवा शेजारच्या माणसाला वाचायला द्यावा आणि त्याला खुनी कोण असेल, असे विचारावे. त्याने बरोबर नाव सांगितले, तर ते कोणत्या वाक्यावरून सुचले हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे आणि ते वाक्य खोडावे.