या चुका टाळा: हेल्थकेअर मॅनेजमेंटच्या मास्टर्सचा अर्ज आणि आयसीयूतली आजी

‘माझी आजी आयसीयूत होती, तेव्हा मला आरोग्यसेवेचं महत्त्व कळलं.’ हेल्थकेअर मॅनेजमेंटच्या अर्जांचा कुठलाही गठ्ठा उघडा, या वाक्याने सुरू होणारा एक तरी एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारा अर्जातला निबंध) सापडतोच. कधी आजीच्या जागी वडील असतात, कधी शेजारचे काका. दुःख खरं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात लगेच पुढचा प्रश्न येतो: मग नर्सिंगला किंवा मेडिकलला का गेला नाहीत? आणि गेला असाल, तर ते सोडून बिलं, बेड आणि ड्युटीच्या याद्यांमध्ये कशाला पडताय?

आजारपण जवळून पाहिल्यावर डॉक्टर व्हावंसं वाटणं समजू शकतं. मॅनेजमेंटकडे वळणाऱ्याला मात्र काहीतरी अडलेलं, वाया जाणारं, विनाकारण रेंगाळणारं खुपलेलं असायला हवं. ते एसओपीत दिसलं नाही, तर बाकीचं सगळं सजावट.

एका सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरच्या एसओपीचं उदाहरण घ्या. पहिलं पान सेवाभाव, नेतृत्वगुण आणि लहानपणापासूनची आवड यांनी भरलेलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी एकच ओळ: ‘डिस्चार्जची प्रक्रिया सुधारण्यात सहभाग घेतला.’ सहभाग म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर खरा मजकूर बाहेर आला. सकाळच्या राउंडला दहा वाजता डिस्चार्ज लिहिला जायचा आणि बेड रिकामा व्हायचा दुपारी चारला. मधले सहा तास कुठे जातात, हे बाईंनी तीन आठवडे वहीत टिपून ठेवलं होतं. ज्युनिअर डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून सुटल्यावर डिस्चार्ज समरी लिहायला बसत. उरलेली औषधं त्यानंतर फार्मसीत परत जात. परतीची नोंद झाल्याशिवाय बिलिंगवाले अंतिम बिल काढत नसत आणि बिल गेल्याशिवाय विमा कंपनीची मंजुरी येत नसे. चार कामं एकामागे एक रांगेत उभी. बाईंनी उद्या घरी जाऊ शकणाऱ्या रुग्णांची यादी आदल्या संध्याकाळी करायला सुरुवात केली, समरीचा कच्चा मसुदा आणि औषधांची परती त्याच वेळी उरकून घेतली. बेड दीडच्या सुमाराला रिकामे होऊ लागले.

हे सगळं एका ओळीत गाडून वर सेवाभावाचं पान चढवलेलं होतं!

गोष्ट इथे संपत नाही. एसओपी नव्याने लिहिला गेला आणि त्यात एक जोरदार वाक्य आलं: ‘त्यामुळे रुग्णांचा सरासरी मुक्काम कमी झाला.’ आता हे चूक आहे, आणि या विषयातला माणूस ते एका नजरेत पकडतो. रुग्ण-दिवस सहसा मध्यरात्रीच्या शिरगणतीवर मोजतात. रुग्ण चारला गेला काय किंवा दीडला गेला काय, त्या रात्री तो बेडवर नव्हताच. सरासरी मुक्कामाच्या आकड्यात फरक शून्य. फरक पडतो तो दुपारच्या बेडच्या उपलब्धतेत: इमर्जन्सीत स्ट्रेचरवर थांबलेला किंवा रिकव्हरीत अडकलेला रुग्ण अडीच तास आधी वॉर्डात येतो. तेच लिहायचं. खरा फायदा पुरेसा असतो, त्याला उसना आकडा जोडायची गरज नसते.

मुक्काम खरोखर कमी झाला तर काय होतं, हे कागदावर एकदा स्वतः करून पाहा. २०० बेड, ३० दिवस, म्हणजे ६,००० बेड-दिवस. त्यातले ५,१०० भरलेले असतील तर बेड ८५ टक्के व्यापलेले. महिन्यात १,०२० रुग्ण घरी गेले असतील तर सरासरी मुक्काम ५ दिवस. तो ४.५ वर आला, तर तेवढ्याच ५,१०० दिवसांत साधारण १,१३३ रुग्ण होतात. एकही नवा बेड न घेता ११३ जास्त. ही आकडेमोड एसओपीत घालायची नसते, पण मुलाखतीत कोणी विचारलं तर पेन न उचलता सांगता आली पाहिजे.

एसओपीला हात लावण्याआधी एक पान वेगळं लिहायची सवय लावून घ्या: काय अडलं होतं, ते कसं मोजलं, काय बदललं, कोणी विरोध केला, कोणता आकडा हलला आणि कोणता जागेवरच राहिला. एसओपीचा पहिला परिच्छेद या पानातूनच यायला हवा. क्लिनिकल अनुभव नसला तरी चालतं. मुदत संपलेल्या औषधांचा साठा, परत आलेले विम्याचे दावे, अपॉइंटमेंट घेऊन न येणारे रुग्ण, सगळं या विषयाच्या हद्दीत येतं. नुकतंच शिक्षण संपलं असेल, तर इंटर्नशिपमध्ये परवानगी घेऊन ५० ओपीडी पेपरांवरची नोंदणीची वेळ आणि तपासणीची वेळ टिपा. दोन दिवसांचं काम आहे. ते न करता तयार एसओपी मागत फिरणारे उतावळे पुष्कळ भेटतात, आणि एआयकडून लिहून घेतलेला गुळगुळीत मजकूर वाचताना या वहीतल्या आकड्यांची किंमत आणखी कळते. रुग्णांची नावं किंवा संस्थेची गोपनीय आकडेवारी मात्र टाकू नका. तेवढ्यावरूनही अर्ज बाजूला पडू शकतो.

नाव वाचून डिग्री निवडणं

एमएचए (मास्टर ऑफ हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन), हेल्थकेअरमधलं एमबीए आणि हेल्थ मॅनेजमेंटमधलं एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) ही एकाच डब्यातली तीन नावं नव्हेत. एमएचएचा गाभा संस्था चालवण्याचा: फायनान्स, ऑपरेशन्स, गुणवत्ता, मनुष्यबळ, कायदा. एमबीएत आधी सर्वसाधारण व्यवसाय आणि मग आरोग्यक्षेत्राचे काही पेपर. एमपीएच लोकसंख्येच्या आरोग्याकडे बघतं. अमेरिकेत सीईपीएचची (पब्लिक हेल्थच्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या एमपीएचला किमान ४२ क्रेडिट लागतात आणि साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी यांसारखा पाया सगळ्यांनाच पक्का करावा लागतो. तिन्हींना एकच एसओपी पाठवणारा माणूस तिन्हीकडे उपराच वाटतो. विषयांची यादी उघडून पहिल्या सत्रातले पेपर वाचा. वाचताना कंटाळा आला, तर ती डिग्री तुमची नाही.

याच्याशी जोडलेली दुसरी चूक महागात पडते. विद्यापीठ नामवंत आहे म्हणून अभ्यासक्रमही मान्यताप्राप्त असेल, असं धरून चालणं. सीएएचएमई ही हेल्थकेअर मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर शिक्षणाला मान्यता देणारी अमेरिकी संस्था, आणि तिची मान्यता विद्यापीठाला मिळत नाही, विशिष्ट अभ्यासक्रमाला मिळते. यादीत डिग्रीचं नाव अक्षरशः जुळवून बघा. उमेदवारीचा दर्जा (कॅन्डिडसी, म्हणजे अभ्यासक्रम अजून मान्यतेच्या वाटेवर असणं) म्हणजे मान्यता नव्हे, हेही लक्षात ठेवा. हे आत्ताच का पाहायचं? अमेरिकेत मास्टर्सनंतर मोठ्या रुग्णालयांत सहसा एक-दोन वर्षांची अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह फेलोशिप करतात, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी अशा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची अट असते. ती अट शेवटच्या वर्षी वाचून उपयोग नसतो.

मोठ्या खुर्चीचं शिफारसपत्र

या चुकीवर कितीही बोललं तरी ती होतच राहते. अर्जदाराला वाटतं, संचालकांची सही म्हणजे वजन. संचालकांनी त्याला वर्षातून दोनदा लिफ्टमध्ये पाहिलेलं असतं.

शिफारसीचा ऑनलाइन फॉर्म कसा असतो ते बहुतेकांना माहीतच नसतं. अनेक ठिकाणी पत्राच्या आधी एक तक्ता येतो: विश्लेषणक्षमता, संवाद, दबावाखाली काम, सचोटी. प्रत्येकासमोर ‘वरच्या ५ टक्क्यांत’, ‘वरच्या १० टक्क्यांत’, ‘सरासरी’, ‘निरीक्षणाची संधी मिळाली नाही’ असे पर्याय. घाईतले संचालक सगळीकडे सर्वोच्च खूण करतात आणि खाली चार ओळी लिहितात: मेहनती, प्रामाणिक, उज्ज्वल भवितव्य. वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला अर्जदार ठाऊक नाही. त्याउलट एखादी नर्सिंग सुपरिंटेंडेंट लिहिते की रात्रपाळीला दोन जणी कमी असताना या मुलीने ड्युटी कशी लावली आणि कोणाशी भांडण ओढवून घेतलं. एखाद्या खान्यात ती ‘सरासरी’वरही खूण करते. त्या एका खुणेमुळे बाकीच्या खुणांवर विश्वास बसतो.

त्याहून वाईट म्हणजे ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हा शॉर्टकट. एसओपी आणि दोन शिफारसपत्रं शेजारी ठेवली की तीच लाडकी विशेषणं, तीच वाक्यांची लांबी, कधीकधी तीच टायपिंगची चूक. यातून संशय भाषेवर येत नाही, थेट सचोटीवर येतो. एक अर्ज तर यामुळे गेला की दोन्ही पत्रांत, दोन वेगळ्या वरिष्ठांच्या नावाखाली, एका ऑडिटची तारीख सारखीच चुकलेली होती.

लिहिणाऱ्याला मदत करायचीच तर मसुदा देऊ नका, कच्चा माल द्या. एका पानावर: कोणत्या काळात एकत्र काम केलं, कोणती दोन कामं त्यांनी स्वतः पाहिली, त्यात काय चुकलं होतं, कोणत्या अभ्यासक्रमाला अर्ज करताय आणि शेवटची तारीख. हे सहा आठवडे आधी द्या. तीन आठवड्यांनी एकदा आठवण आणि शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी दुसरी. त्यांना सांगायची तारीख नेहमी खऱ्या तारखेच्या एक आठवडा आधीची ठेवा. पत्राची लिंक पोर्टलवरून आपोआप जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, तेव्हा पाठवल्याच्या दिवशीच फोन करून विचारा. शक्यतो त्यांचा संस्थेचा ईमेल द्या. फुकटच्या ईमेलवरून आलेलं पत्र काही ठिकाणी स्वीकारतच नाहीत, काही ठिकाणी पडताळणीत अडकतं. आणि अमेरिकी फॉर्ममध्ये पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न येतो. सोडा. हक्क राखून ठेवलेल्या पत्राला वाचणारे कमी किंमत देतात.

तारखा आणि कागद

‘सबमिट’ झाला म्हणजे अर्ज पोचला, हे सगळीकडे खरं नाही. हॅम्पकॅस (हेल्थकेअर मॅनेजमेंटसाठी) किंवा सोफास (पब्लिक हेल्थसाठी) अशा अमेरिकेतल्या सामायिक अर्जप्रणालीत ट्रान्सक्रिप्ट येऊन पडताळणी होते आणि मगच अर्ज विद्यापीठाकडे पूर्ण धरला जातो. काही अभ्यासक्रमांना शेवटच्या तारखेपर्यंत फक्त सबमिट केलेला अर्ज चालतो, काहींना पडताळणी झालेलाच लागतो. पडताळणीला काही आठवडे जाऊ शकतात. शेवटच्या रात्री बटण दाबणाऱ्यांची गाडी इथेच चुकते. मुदत कोणत्या टाइमझोनमधली आहे तेही बघा. शिष्यवृत्तीची तारीख वेगळी आणि बहुधा आधीची असते.

टक्क्यांचं ४.० च्या जीपीएत स्वतः रूपांतर करू नका. गुणपत्रिकेवर जे आहे तेच भरा, रूपांतर करणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत. वेसकडून (परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून) अहवाल मागवणार असाल तर प्रत्येक विषयाचा तपशील देणारा मागवा. नुसत्या पदवीची समकक्षता सांगणारा अहवाल मागवून नंतर पुन्हा पैसे भरणारे दरवर्षी असतात.

पासपोर्ट, गुणपत्रिका आणि परीक्षेची नोंदणी, तिन्हीकडे नाव एकसारखं हवं. नसेल तर प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

जीआरई आणि जीमॅटचे गुण ५ वर्षं धरतात, आयईएलटीएस आणि टोफेलचे २ वर्षं. जीआरईच्या दोन प्रयत्नांत किमान २१ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ प्रयत्न. मुळात अनेक अभ्यासक्रमांनी जीआरई ऐच्छिक केली आहे किंवा काढूनच टाकली आहे. पदवीत गणित-सांख्यिकीचे गुण चांगले असतील तर तिच्यामागे सहा महिने घालवू नका. ते कच्चे असतील, तर गणिताच्या चांगल्या गुणांचा उपयोग होतो. नाहीतर सांख्यिकीचा किंवा अकाउंटिंगचा एखादा गुणांकनाचा कोर्स करा.

नापास झालेला विषय लपवू नका. दोन वाक्यांत कारण आणि पुढे काय केलं ते सांगा, तिसरं वाक्य लिहू नका.

एका विद्यापीठाच्या एसओपीत दुसऱ्याचं नाव. याला उपाय नाही, पाठवण्याआधी मोठ्याने वाचा.

दोन पानांच्या सीव्हीत तेरा कार्यशाळांची प्रमाणपत्रं नकोत. किती माणसांच्या ड्युट्या लावल्या, किती बेडचा वॉर्ड सांभाळला, किती दावे तपासले, ते लिहा.

मुलाखतीत ‘क्लिनिकल काम का सोडताय?’ हा प्रश्न डॉक्टर-नर्स-फिजिओंना हमखास येतो. ‘जास्त लोकांपर्यंत पोचायचं आहे’ हे उत्तर समितीने पाठ केलेलं असतं. वहीतल्या त्या पानावरचा प्रसंग सांगा, दीड मिनिटात. मुलाखत रेकॉर्डेड व्हिडिओची असेल तर प्रश्न दिसल्यावर विचाराला अगदी थोडा वेळ मिळतो आणि बऱ्याच ठिकाणी पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. फोन उभा करून, घड्याळ लावून, पाच-सहा प्रश्नांचा सराव करा आणि स्वतःचं रेकॉर्डिंग बघा. बघवत नाही, तरी बघा.

अर्ज गेल्यावर पोर्टलवरची स्थिती आठवड्यातून दोनदा तपासा. ‘अपूर्ण’ दिसलं तर कोणता कागद अडलाय ते त्याच दिवशी ईमेलने विचारा, अर्ज क्रमांक विषयाच्या ओळीत घालून. प्रतीक्षायादीत नाव आलं तर एक छोटं पत्र पाठवा, आणि तेही अर्जानंतर खरंच काही नवीन घडलं असेल तरच: नवी जबाबदारी, नवे गुण, पूर्ण झालेलं काम. ‘मला अजूनही फार इच्छा आहे’ एवढंच लिहायचं असेल तर तो ईमेल ड्राफ्टमध्येच राहू द्या.