पैलवान, खांदे टेकवायला शिका

मुहम्मद मोकाएवच्या क्लिपा तालमीतल्या पोरांच्या मोबाईलवर सारख्या फिरत असतात. रशियातल्या दागिस्तानात जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी वडिलांबरोबर निर्वासित म्हणून ब्रिटनमध्ये आला, विगन या गावात वाढला, तिथे कुस्ती केली आणि कुस्तीतून एमएमएत, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढतीत गेला. २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षं आयएमएमएएफच्या, म्हणजे हौशी एमएमएच्या जागतिक स्पर्धेत तो ज्युनिअर विश्वविजेता झाला. मार्च २०२२ मध्ये लंडनला यूएफसी या व्यावसायिक एमएमए स्पर्धेतली पहिली लढत त्याने ५८ सेकंदांत गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळायचा डाव, लावून संपवली. ते ५८ सेकंद सगळ्यांना पाठ असतात. पण व्यावसायिक होण्याआधी त्याने २३ हौशी लढती केल्या होत्या, आणि तेवीसच्या तेवीस जिंकल्या होत्या, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मुंबईत आज एमएमएकडे वळणाऱ्यांत बरेच जण पैलवान आहेत. कुणी लालबाग-परळकडच्या तालमीत वाढलेला, कुणी कोल्हापूर-सांगलीहून नोकरीसाठी आलेला, पहाटे तालीम करून नंतर ड्युटीवर जाणारा. गाव सोडून मुंबईला येणं आणि देश सोडून पळावं लागणं यांची बरोबरी कुणी करू नये. पण मोकाएवने कुस्तीवर जे एकेक थर चढवले, ते इथेही चढवता येतात.

पट (पाय धरून पाडणं), ढाक, टांग, कलाजंग हे डाव तुम्हाला येतातच, त्यांवर इथे शब्द खर्च करत नाही. माणसाला खाली आणायची ताकद एमएमएत सगळ्यात उशिरा येते आणि ती तुमच्याकडे आधीच आहे. ठोसे मारणारा दोन-तीन वर्षं घालवूनही जे शिकू शकत नाही, ते तुम्ही दहाव्या वर्षीच शिकलात. ही शिदोरी मोठी आहे, तिला कमी लेखू नका. अडचण खाली आणल्यानंतर सुरू होते, आणि स्वतः खाली गेल्यावर तर फारच.

मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागतो. म्हणून खाली गेलेला पैलवान डोळ्याचं पातं लवायच्या आत पालथा होतो, कोपरं आत घेतो, पोट मातीला चिकटवतो आणि वरच्याला घिस्सा मार, सवारी मार, काय करायचं ते कर म्हणून पडून राहतो. वरचा दमतो, पंच दोघांना उभं करतात. मॅटवरही तेच, काही सेकंदांत गुण मिळाला नाही की पंच उठवतात. दहा-बारा वर्षं रोज हेच केल्यावर ते हाडात मुरतं. डोकं विचार करायच्या आधी अंग पालथं झालेलं असतं.

केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यात, पालथं पडण्यासारखी वाईट जागा नाही. वरचा पाठीवर बसतो आणि दोन्ही टाचा तुमच्या मांड्यांच्या आत अडकवतो, याला हुक म्हणतात. पंच उठवत नाहीत, कारण वरचा काम करतोय. डोक्याच्या मागे मारायला बंदी आहे, पण बाजूने कानावर आणि कानशिलावर ठोसे चालतात. ते चुकवायला तुम्ही हात डोक्यावर घेता किंवा मान उचलता, आणि तेवढ्यात त्याचा हात हनुवटीखाली सरकतो. हा रिअर नेकेड चोक, म्हणजे मागून हाताने गळा आवळणं. यात श्वास कोंडतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. नीट लागलेला चोक मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो आणि दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. कमावलेली जाड मान असली तरी हरपते. हनुवटी छातीला दाबून धरली तर थोडा वेळ मिळतो, एवढंच. जबड्यावरून दाबत दाबत हात आत जातोच.

सुटायचं कसं, ते क्रमाने बघा, कारण क्रम बदलला की डाव फसतो. आधी हात. गळ्याकडे येणारं मनगट दोन्ही हातांनी पकडून छातीकडे खाली ओढून ठेवायचं. या वेळी पायातल्या हुककडे लक्षच द्यायचं नाही. पैलवानाला पाय अडकलेला सहन होत नाही, तो आधी पाय सोडवायला जातो आणि गळा देऊन बसतो. मग कूस. त्याचा एक हात तुमच्या खांद्यावरून आलेला असतो आणि दुसरा काखेतून. ज्या काखेतून हात आलाय, त्या कुशीवर कलायचं. खांद्यावरून आलेला, गळ्याचा हात असा वरच्या बाजूला राहतो आणि डोक्यावरून काढून टाकता येतो. उलट्या कुशीवर गेलात तर तोच हात तुमच्या वजनाखाली मानेत रुतून बसतो. त्यानंतर खालच्या बाजूचा हुक ढकलून पाय सरळ करायचा, कंबर सरकवायची आणि दोन्ही खांदे जमिनीला टेकवायचे.

होय, दोन्ही खांदे. त्याची छाती तुमच्या पाठीवर होती, आता पाठीखाली जमीन आली, त्याला पाठ सोडावीच लागते. ज्यासाठी तालमीत शिट्टी वाजते, तीच इथे सुटकेची पायरी आहे. टेकवल्या टेकवल्या त्याच्याकडे वळायचं, दोघांच्या मध्ये गुडघा घालायचा, त्याच्या काखेत हात घालून जाळीपर्यंत सरकायचं आणि जाळीचा आधार घेत उठायचं. जाळीत बोटं अडकवू नका, तो फाऊल आहे.

हे सगळं तोंडपाठ असलेला पैलवानसुद्धा शेवटच्या पायरीवर अडकतो. पहिला खांदा टेकतो, दुसरा टेकायला चार बोटं उरलेली असतात, आणि अंग आपोआप पुन्हा पालथं होतं. कोचने सांगून हे सुटत नाही. सराव असा लावा: आठवड्यातून ३ दिवस, ३ मिनिटांच्या ५ फेऱ्या, मध्ये १ मिनिट विश्रांती. प्रत्येक फेरी जोडीदार पाठीवर, दोन्ही हुक लागलेले, हात गळ्याजवळ, इथून सुरू. सुटलात की पुन्हा तिथूनच. पहिला महिना ठोसे अजिबात नकोत. दुसऱ्या महिन्यात जोडीदाराने कानाच्या बाजूला हलक्या थापा माराव्यात, म्हणजे मार खाताना हात डोक्यावर घ्यायची ओढ येते की नाही ते कळतं. तिसऱ्या माणसाला मोबाईलवर चित्रण करायला सांगा आणि फक्त खांदे बघा. पहिले काही आठवडे हलका गडीसुद्धा तुमचा गळा धरेल आणि फार अपमान वाटेल. वाटू द्या. सवय मोडते, नक्की मोडते, आणि एकदा मोडली की कुस्तीची ताकद तुमच्याकडे परत येते.

टॅप करण्याबद्दल, म्हणजे थोपटून हार मानण्याबद्दल, कडक सांगायला हवं. शेवटपर्यंत न सोडणं तालमीत शोभतं. सरावात आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचा डाव, लागल्यावर हात सोडवायला झटका देणं मूर्खपणा आहे. कोपराचे बंध तुटले की महिनेच्या महिने जातात, आणि कामाच्या जागी रजा कुणी देत नाही. दोनदा थोपटा, सुटा, पुन्हा सुरू करा.

वर असलात म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. रितू फोगाट कुस्तीतून आलेली, खाली आणण्यात जबरदस्त. डिसेंबर २०२१ च्या वन चॅम्पियनशिप या एमएमए स्पर्धेतल्या ग्रँड प्रीच्या अंतिम लढतीत स्टॅम्प फेअरटेक्सने तिला आर्मबारवर टॅप करायला लावलं, आणि स्टॅम्प मूळची मुए थायवाली, म्हणजे उभ्याने ठोसे-लाथांनी लढणारी. मोकाएवचंही तसंच. मार्च २०२३ मध्ये जाफेल फिल्होने तिसऱ्या राऊंडमध्ये त्याचा गुडघा नीबारमध्ये, म्हणजे पाय उलटा ताणायच्या डावात, धरला होता. तो कसाबसा सुटला आणि त्याच राऊंडमध्ये मान धरून जिंकला. खालचा माणूस पायांनीही लढतो, हे तालमीत कुणी शिकवत नाही. म्हणून वर गेल्यावर आधी त्याच्या पायांच्या पलीकडे जा, कोपरं स्वतःच्या बरगड्यांशी ठेवा, हात जमिनीवर पसरून टेकू नका.

पट काढतानाची मान हा याच दुखण्याचा धाकटा भाऊ. कुस्तीत गळा आवळून निकाल लागत नाही, म्हणून डोकं खाली घालून, नजर मातीत ठेवून पट काढला तरी खपतं. एमएमएत ती मान गिलोटिनला दिलेली असते. यूएफसीत लढलेला भारतातला पहिला फायटर आपल्या मुंबईचा भरत खंडारे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला साँग यादाँगने त्याला पहिल्याच राऊंडमध्ये गिलोटिनवर हरवलं. त्या पातळीवरही हा डाव लागतो, मग नवख्याचं काय? पाठ सरळ, नजर समोर, कान त्याच्या बरगडीला घट्ट. एकेरी पटाला डोकं आतल्या बाजूला, छातीवर दाबलेलं. तरीही मान सापडलीच, तर त्याच्या मनगटावर हात घालून डोकं ज्या बाजूला अडकलंय त्याच्या उलट बाजूला अंग न्यायचं आणि खांद्याने त्याच्या गळ्यावर दाब द्यायचा. मागे ओढू नका, मागे ओढलं की फास आवळतो.

ठोशांचं थोडक्यात. पहिले ६ महिने जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा), लो किक (पायावरची लाथ) अडवणं आणि जॅबमागून पट, एवढं पुरे. कुस्तीचा वाकलेला पवित्रा थोडा उंच करा, नाहीतर व्यावसायिक लढतीत गुडघा थेट तोंडावर बसेल. स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, १६ औंसाचे ग्लोव्ह्ज, माउथगार्ड, शिन गार्ड (नडगीचं संरक्षण). जोरात स्पारिंग आठवड्यातून एकदाच. रोज डोक्यावर मार खाऊन कुणी पक्का होत नाही, डोकं खराब होतं.

वस्तादांना न सांगता जिममध्ये नाव घालणारे बरेच असतात. तसं करू नका. समोर जाऊन सांगा, पाया पडा, सकाळची तालीम चालू ठेवा. काही वस्ताद रागावतील, दोन महिने बोलणार नाहीत, पण तुमचा पट आणि ढाक त्यांच्याइतकं बारकाईने जिममध्ये कुणी तपासणार नाही. कोच निवडताना भिंतीवरचे बेल्ट बघू नका. त्याच्याकडची पोरं वर्षभरात किती हौशी लढती लढली आणि किती जण दुखापतीने घरी बसलेत, ते विचारा. आणि ‘तीन महिन्यांत फायटर’ किंवा सुया-गोळ्या असं काही कुणी सुचवलं, की त्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नका.

वजनाची घाई भल्याभल्यांना भोवते. चेचन्यात जन्मलेला, स्वीडनला जाऊन तिथे फ्रीस्टाइल कुस्तीचा राष्ट्रीय विजेता झालेला यूएफसीचा फायटर खमझात चिमाएव सप्टेंबर २०२२ मध्ये १७१ पौंडांची मर्यादा असताना १७८.५ पौंड भरला, म्हणजे जवळपास साडेतीन किलो जास्त. ठरलेली मुख्य लढत मोडली, प्रतिस्पर्धी बदलावा लागला. पुढे तो मिडलवेटला स्थिरावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये शिकागोत यूएफसीचा त्या गटाचा किताब जिंकला. हौशी लढतीला तुमच्या रोजच्या वजनाच्या जवळचाच गट घ्या: ६१.२, ६५.८, ७०.३, ७७.१, ८३.९ किलो असे गट असतात. वर असलेले एक-दोन किलो महिनाभर आधीपासून भात, गोड आणि मीठ कमी करून उतरवा. मुंबईच्या दमट हवेत प्लास्टिकचा सूट घालून पळू नका. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, ताप डोक्यात जातो. आणि पहेलवानी खुराक तसाच ठेवून वजन उतरवता येत नाही, लोणी-तूप आधी अर्ध्यावर आणा.

पावसाळ्यात गजकर्ण सांभाळा. मातीत हळद, ताक, तेल असतं, मॅटवर फक्त आधीच्या माणसाचा घाम. रॅशगार्ड (सरावाचा अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट) दोन दिवस वाळत नाही, म्हणून तीन ठेवा. सरावानंतर लगेच आंघोळ करा, लोकलने घरी जाऊन करू असं म्हणू नका. गोल चट्टा दिसला की मॅटवर उतरायचं नाही आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. दुकानातून स्टेरॉइडचं मलम आणून लावलं की चट्टा दबतो आणि दुप्पट पसरतो.

पहिली हौशी लढत साधारण वर्षभराने घ्या. हौशी राऊंड ३ मिनिटांचे, तीन. कोपर बंद, डोक्यावर गुडघा बंद. नाव देण्याआधी आयोजकांना विचारा: संघटना कोणत्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी जोडलेली आहे, केजजवळ डॉक्टर आणि दाराशी रुग्णवाहिका असणार का, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीचे रिपोर्ट मागतात का. रिपोर्ट मागत नसतील तर समोरच्याचेही मागितलेले नाहीत, तिथे लढू नका. व्यावसायिक करार पुढे आला तर पहिल्या दहा हौशी लढती होईपर्यंत सही टाळा, आणि सही करताना किती लढतींसाठी किती वर्षं बांधून घेतात आणि दुखापतीचा खर्च कुणाचा, ही दोन कलमं वकिलाकडून वाचून घ्या. लढतीत डोक्याला मार लागून शुद्ध गेली असेल, तर निदान ३० दिवस स्पारिंग नाही, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय एकतिसाव्या दिवशीही नाही.