मुंबईतील उंची मत्स्याहारगृहात जेवताना
फोर्टमधील ‘तृष्णा’सारख्या, बटर-पेपर-गार्लिक (लोणी, मिरी व लसूण घातलेल्या) खेकड्यासाठी नावाजलेल्या उपाहारगृहात जायचे असल्यास टेबल आधी राखून ठेवावे. मेनूवर ज्या पदार्थापुढे किमतीऐवजी ‘बाजारभावाप्रमाणे’ असे लिहिलेले असते, तो मागवण्यापूर्वी मासा किंवा खेकडा टेबलापाशी आणून दाखवण्यास सांगावे आणि त्याचे वजन व त्या वजनाची एकूण किंमत विचारून घ्यावी. यात संकोच कसला? ताज्या माशाचे डोळे स्वच्छ व फुगीर, तर कल्ले लालसर असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या समुद्रातील मासेमारीवर बंदी असल्याने पापलेट-सुरमई बहुधा शीतगृहातली असते, तेव्हा खाडीतल्या खेकड्याला पसंती द्यावी. तो हातानेच फोडून खावा; काट्या-चमच्याचा अट्टाहास माझ्या मते व्यर्थ आहे.